तांबड्या पुड्यांचा आश्विन

परवा हस्ताची एक सर येऊन गेली. गल्लीतल्या पोरांनी देवीसाठी बांधलेली पताकांची माळ तुटून माझ्या पायरीवर पडली होती. उचलायला गेले, तर पतंगी कागदाचा तांबडा रंग बोटांना लागला. हात धुवायला म्हणून आत आले आणि न धुताच खुर्चीत बसले. ओल्या, तांबड्या बोटांकडे किती वेळ बघत होते कोण जाणे. चहा उतू जाऊन गॅस विझल्याचा वास आला, तेव्हा भानावर आले.

हे दिवसच असे आहेत. धारवाडला भाद्रपद सरता सरता पाऊस कंटाळल्यासारखा होतो. पडतो, थांबतो, पुन्हा आठवण झाल्यासारखा चार थेंब टाकून जातो. सकाळी धुकं इतकं खाली उतरतं, की समोरच्या घराचं जोतं दिसतं आणि छप्पर दिसत नाही. मग कधीतरी ऊन येतं. ते ऊन कोवळं असतं, ओलं असतं, आणि त्याला काळ्या मातीचा, ज्वारीच्या पोटरीचा आणि नवलूरच्या पेरूंचा असा मिळून एक वास असतो. या वासाबरोबर माझ्या मनात एक पिवळं फूल उमलतं. कापसाचं फूल. सकाळी उमलतं तेव्हा ते फिकं पिवळं असतं, दुपारपर्यंत तसंच राहतं, आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर गुलाबी झालेलं असतं. एकाच फुलाचे दोन दिवस, दोन रंग. शहरातल्या माणसांना हे सांगितलं की त्यांना मी गंमत करतेय असं वाटतं.

सत्तरच्या दशकाचा मधला काळ असेल. मी बी.एस्सी. होऊन घरी बसले होते. बसले होते हा शब्द अप्पांचा. अप्पा, म्हणजे माझे वडील, कोर्टात शिरस्तेदार होते. पहाटे उठणार, घड्याळाला किल्ली देणार, आणि घड्याळानं चुकावं पण अप्पांनी चुकू नये अशा शिस्तीत दिवसभर चालणार. त्यांचा आवडता शब्द एकच, "आटप." जेवताना आटप, वेणी घालताना आटप, देवाला नमस्कार करताना सुद्धा, "आटप, देवाला बाकीची माणसंही आहेत." आणि अशा माणसाच्या पोटी मी! भाजी निवडायला बसले तर एका मेथीच्या काडीवरचा किडा कुठून कुठं जातो ते बघत राहणारी. रांगोळीच्या एका ठिपक्यापासून दुसऱ्या ठिपक्यापर्यंत जायला मला वेळ लागायचा. आई म्हणायची, "हिला मरण आणायला पाठवावं, म्हणजे घरातली सगळी शंभरी गाठतील." ती हे लाडानं म्हणायची, पण लाडाचं बोलणंही रोज ऐकलं की कुठंतरी टोचतं. आपल्यात काहीतरी कमी आहे, देवानं किल्ली द्यायची राहून गेली आहे, असं मला मनापासून वाटायचं.

त्या काळी शिकलेल्या मुलीनं करायच्या गोष्टी ठरलेल्या होत्या. पहिली, टायपिंग. सुभाष रोडवर एका कापडदुकानाच्या माडीवर क्लास होता. लाकडी जिना चढायला लागलं की वरून यंत्रांचा, गारा पडत असल्यासारखा आवाज यायचा. त्या आवाजात माझं यंत्र मात्र टप... टप... असं, पागोळ्या गळाव्यात तसं वाजायचं. मला एकेक अक्षर कागदावर उमटताना बघायला आवडायचं. आमचे सर भले गृहस्थ. माझा कागद उजेडाकडे धरून म्हणाले, "एक चूक नाही बघा. किती सुरेख! पण परीक्षेत निम्मं पान कोरं राहणार, त्याचं काय करायचं?" परीक्षेत निम्मं पान कोरंच राहिलं.

मग हुबळीला, लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेत बदली शिक्षिका म्हणून थोडे दिवस गेले. कुणीतरी बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या. मी फळ्यावर जास्वंदीचं फूल काढायला घ्यायची आणि त्याच्या पाकळ्यांना शिरा देत बसायची. पाठीमागं वर्गाचा बाजार होऊन जायचा. एकदा मुख्याध्यापिका दारात येऊन उभ्या राहिल्या. वर्गात काय चाललंय ते त्यांनी बघितलं आणि मग फळ्यावरचं फूल बघितलं. "फूल छान आलंय," एवढंच म्हणून त्या गेल्या. रजेवरच्या बाई परत आल्या तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला असावा.

अशी मी दोन दारांवरून परत आलेली, आणि त्यातच गावाबाहेरच्या बियाण्याच्या मळ्यावर हंगामी माणूस हवंय असं कळलं. वनस्पतिशास्त्राची पदवी चालेल, मुलगी असली तरी चालेल, हंगाम संपला की काम संपेल. "रिकामी बसण्यापेक्षा बरं," अप्पा म्हणाले. त्यांच्या मनात ती नोकरी नव्हतीच. पायात चप्पल नसेल तेव्हा खडावा घालाव्यात, तसं काहीतरी होतं.

त्या काळात आमच्या भागात संकरित कापसाचं नवल होतं. दोन जातींचं लग्न लावायचं आणि त्यातून बियाणं काढायचं. सगळे त्याला क्रॉसिंग म्हणायचे. शेतातल्या बायकासुद्धा म्हणायच्या, "क्रॉसिंगला जातो की आम्ही." काम ऐकायला सोपं. दुपारी शेतात शिरायचं आणि उद्या उमलणारी कळी हेरायची. आज उमललेली नको, परवाची नको, उद्याचीच हवी. तिच्या बुडाशी अंगठ्याचं नख टेकवायचं, हलकेच फिरवायचं आणि पाकळ्यांसकट केसरांचा झुबका टोपी काढावी तसा काढून घ्यायचा. आत राहते एक नाजूक काडी आणि तिच्या तळाशी उद्याचं बोंड. नख जरा जास्त दाबलं की बोंडाला दुखापत, जरा कमी दाबलं की केसर आतच राहतात आणि सगळंच फुकट. मग त्या उघड्या काडीवर तांबड्या पतंगी कागदाची पुडी चढवायची. रात्रभर ती पुडीत. सकाळी दुसऱ्या जातीची फुलं तोडून आणायची, त्यांच्या पिवळ्या पाकळ्यांच्या तळाशी डाळिंबी ठिपका असतो. पुडी काढून त्या फुलातले पराग काडीला लावायचे आणि पांढरी पुडी घालायची. तांबडी म्हणजे वाट बघणारी, पांढरी म्हणजे लग्न झालेली. ऊन डोक्यावर यायच्या आत हे झालं नाही तर काडी सुकते, आणि चार दिवसांत ते बोंड गळून मातीत पडतं.

मला बायकांवर देखरेख करायला ठेवलं होतं. पण कळ्या कशा सोलायच्या ते मलाच येत नव्हतं, तर देखरेख कसली करणार? म्हणून पहिल्या दिवशी मी गंगव्वाच्या शेजारी उभी राहिले. गंगव्वा ही त्या बायकांची म्होरकी. कपाळभर कुंकू, इरकलीचा काष्टा, आणि बोलण्यात तिखट इतकं की भाकरीबरोबर चटणी लागू नये. तिनं कानडीत सांगितलं, मी ऐकलं, आणि एका कळीवर नख टेकवून मी जी हरवले, ती बायकांची अर्धी ओळ पुढं गेली तरी मी तिथंच. आता ही ओरडणार, म्हणून मी मान खाली घातली. गंगव्वानं माझी कळी बघितली. आतली काडी बघितली. तिच्यावर ओरखडा नव्हता.

"सावकाश माडरी, अक्कार," ती म्हणाली. सावकाश करा, ताई. "हिला घाई खपत नाही."

सावकाश हा शब्द मी जन्मभर शिवीसारखा ऐकला होता. तो कुणी आपल्याला शाबासकी म्हणून देऊ शकेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. त्या दुपारी मला काय झालं ते सांगता येत नाही. शेतावर ढगांच्या सावल्या सरकत होत्या, बायका ओळीओळीनं गाणं म्हणत होत्या, कुणाच्या तरी सुनेची थट्टा चालली होती, आणि माझ्या बोटांपुढं एकच कळी होती. ती झाली की दुसरी. कुणी "आटप" म्हणत नव्हतं. किडा दिसला तर त्याच्याकडे बघायचं हे सुद्धा कामच होतं! संध्याकाळी मागं वळून पाहिलं, तर हिरव्या शेतात जिथं तिथं तांबड्या पुड्या डुलत होत्या, आणि त्यातल्या काही माझ्या होत्या. मी आनंदानं रडले. बायकांना वाटलं ऊन लागलं.

मग ते दिवस एकमेकांत मिसळून गेले. आज आठवू म्हटलं तर सुटे सापडत नाहीत. बांधावर बसून खाल्लेली भाकरी, शेंगाची चटणी, कुणीतरी पदरातून आणलेले नवलूरचे पेरू. गुडघ्यापर्यंत ओलं झालेलं लुगडं. मधमाश्यांचा गुंजारव, आणि आपण त्यांचंच काम त्यांच्याहून सावकाश करतोय याची गंमत. पुड्यांवर पाऊस पडला की रंग सुटायचा आणि बोटं तांबडी व्हायची. घरी गेले की आई कपाळाला हात लावायची. "उद्या कुणी बघायला आलं तर काय म्हणतील? ही काय रंगाऱ्याची मुलगी?" मी हसायची. कित्येक वर्षांत एवढी हसले नव्हते, असं आईच पुढं म्हणाली.

अप्पांचा मात्र वेगळाच उद्योग चालला होता. हुबळीच्या व्यापारी मंडळींची एक छोटी बँक होती. तिचे मॅनेजर अप्पांच्या ओळखीचे. तिथं एक जागा निघणार होती. खंडेनवमीला बँकेत वह्या-टेबलांची पूजा असते, त्या दिवशी सकाळी मुलीला घेऊन या, पूजेला संचालक मंडळीही असतात, तिथल्या तिथं नक्की करून टाकू, असा निरोप आला. कायमची नोकरी, पंख्याखाली बसायचं. अप्पांनी ही बातमी सांगितली तेव्हा त्यांचा चेहरा इतका उजळला होता, की माझ्या तोंडातून "बरं" असंच निघालं. आतून मात्र काहीतरी मावळत गेलं. काचेआड बसलेली मी मला दिसायला लागले. समोर रांग, आणि रांगेतला प्रत्येक माणूस अप्पांच्या आवाजात "आटपा" म्हणतोय. पण नको म्हणायचं कशाच्या जोरावर? इथलं काम हंगामापुरतं. हंगाम संपला की मी पुन्हा भाजी निवडायला मोकळी. बापानं आयुष्यात पहिल्यांदा कुणापुढं शब्द टाकला होता, तोही माझ्यासाठी.  नको म्हटलं ते फक्त रात्री, उशीला.

अष्टमीच्या दिवशी आभाळ एकदम निवळलं. मळ्यावरचे आमचे साहेब म्हैसूरकडचे, तरुण, मनानं चांगले. त्यांना दसऱ्याला गावी जायचं होतं. पावसानं बरेच दिवस वाया गेले होते, म्हणून त्यांनी बायकांना सांगितलं, आज जेवढ्या होतील तेवढ्या कळ्या सोला. बायकांनी हां म्हटलं आणि दुपारभर नखं चालवली. संध्याकाळी सगळा मळा तांबडा झाला होता. इतक्या पुड्या मी एकदम कधी पाहिल्या नव्हत्या. साहेब खुश होऊन स्टेशनवर गेले. उद्या सकाळी बायका येतील, पराग लावतील, हे त्यांनी धरलं होतं. मीही धरलं होतं. मी फक्त पहाटे जाऊन गंगव्वाला सांगणार होते, की मला आज हुबळीला जायचंय, तू बघून घे. आठाच्या आत परत, मग अप्पांबरोबर बस.

नवमीच्या सकाळी मी पोचले, तेव्हा धुकं अजून शेतावरच होतं. बायका आलेल्या होत्या. पण ठेवणीतली इरकली नेसून, केसांत फुलं माळून. कोपऱ्यातल्या एका झाडाला हळद-कुंकू लावलेलं होतं, नारळ फोडलेला होता, आणि सगळ्या बांधावर भिजल्या डाळीची कोसंबरी खात निवांत बसलेल्या होत्या. मलाही पळसाच्या पानावर मूठभर मिळाली.

"गंगव्वा, फुलं कधी तोडायची? ऊन येईल आता."

"इवत्त मुट्टंगिल्ल, अक्कार." आज हात लावायचा नाही. आणि तिनं उजव्या हाताचा अंगठा माझ्यासमोर धरला. नखावर हळद, हळदीवर कुंकवाचा ठसठशीत ठिपका. मी बाकीच्यांकडे पाहिलं. सगळ्यांनी हसत हसत अंगठे वर केले. सगळ्यांच्या नखांवर कुंकू.

"तुमचे अप्पा आज लेखणीची पूजा करतात की नाही?" गंगव्वानं विचारलं.

"करतात."

"मग त्या लेखणीनं आज लिहितात?"

"नाही."

"झालं तर. आमचं हत्यार हे."

 आमच्या घरी खंडेनवमीला लेखणी, कायद्याची पुस्तकं, आईची विळी, शिवणाचं यंत्र, सगळं पाटावर मांडलेलं असायचं. पण माणसाचा अंगठाही हत्यार असतो, आणि वर्षातून एकदा त्यालाही पाटावर बसायचा मान असतो, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"अगं, पण काल सांगायचं नाही का?"

"दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी येते, हे साहेबांना आम्ही सांगायचं?" गंगव्वा म्हणाली, आणि बायका खो खो हसल्या. यात कुणाचंच चुकलं नव्हतं. साहेबांना वाटलं सुट्टी फक्त कचेऱ्यांना. बायकांना वाटलं साहेबांना माहीतच असणार. मला तर हुबळीच्या बसपलीकडे काही दिसतच नव्हतं.

"आणि या पुड्या?"

गंगव्वानं शेतावर नजर फिरवली. क्षणभर तिचंही हसू गेलं. "जातील," ती म्हणाली. "देवीला गेल्या समजायचं." मग माझा हात धरून तिनं अंगठा उलटसुलट करून बघितला. "तुमच्या अंगठ्याला कुणी कुंकू लावलंय? नाही ना? मग तुम्हाला कोण अडवतंय?"

खरंच, माझा अंगठा कोरा होता. त्याला कुणी हत्यार समजलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. थोडं वाईट वाटलं, आणि त्याच क्षणी मोकळंही वाटलं. एक ओळ करू, मग जाऊ, असं म्हणून मी टोपली उचलली.

धुक्यातून ऊन गाळून येत होतं. फुलं ओली होती, एकेक झटकून घ्यायची. पुडी काढायची, काडीवर फूल टेकवायचं, पांढरी पुडी. पुडी, फूल, पुडी. बांधावरून गंगव्वा ओरडून सांगायची, "ती एक राहिली बघा, डावीकडं!" हात लावायचा नव्हता, तोंड चालवायला देवीची काही हरकत नसावी. मी एक ओळ संपवली आणि दुसरीत शिरले. आठ वाजून गेले असतील हे मला कळत होतं, गिरणीचा भोंगा ऐकू यावा तसं कळत होतं. पण प्रत्येक तांबडी पुडी वाऱ्यानं हलली की मला वाटायचं, ही म्हणतेय मी राहिले. आणि इतक्या सगळ्यांना एकटी मी, तीही मी, घरातलं कासव! डोळ्यांत पाणी येऊन पुड्यांचा रंग पसरला.

"काय गं? किती वाजले?"

बांधावर अप्पा उभे होते. काळा कोट, काळी टोपी, हातात छत्री, आणि ठेवणीतले बूट चिखलानं माखलेले. घरापासून चालत आले होते. बायका लगबगीनं उठून उभ्या राहिल्या.

"अप्पा, एवढी ओळ झाली की येते." जन्मभर मी त्यांना हेच उत्तर देत आले होते.

"आटप" येईल म्हणून मी थांबले. आलं नाही. अप्पा माझ्या हातांकडे बघत होते. मी एका पुडीवर होते, ती पुरी केली. ते बघतच होते. मला वाटतं, त्यांनी मला काम करताना तोवर कधी पाहिलंच नव्हतं, फक्त उशीर करताना पाहिलं होतं.

"हे आज नाही केलं तर?" त्यांनी विचारलं.

"दुपारनंतर उपयोग नाही. सगळी बोंडं गळतील."

"आणि बँकेत आज नाही गेलं तर?"

  रस्त्यावरून हुबळीची बस गेली, तिचा आवाज आम्ही दोघांनी ऐकला, पार लांब जाईपर्यंत ऐकला.

"तिथंही दुपारनंतर उपयोग नाही," अप्पाच म्हणाले. "तुला कुठं जायचंय?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "अप्पा, मला इथंच बरं वाटतं. मला इथं कुणी हळू म्हणत नाही."

 अप्पांनी कोट काढला, नीट घडी घातली आणि गंगव्वाच्या हातात दिला. तिनं तो देवीची ओटी घ्यावी तसा घेतला. बाह्या दुमडत अप्पा ओळीत आले. "टोपली इकडे आण. फुलं तोडता येतात मला. पूजेची रोज मीच तोडतो की."

मग आम्ही दोघं. ते पटापट फुलं तोडून आणत, मी सावकाश पराग लावत जाई. त्यांची घाई आणि माझा संथपणा आयुष्यात पहिल्यांदा एका ओळीनं चालले. फूल संपायच्या आत दुसरं हातात येत होतं. बायका बांधावर सरकत सरकत आमच्या बरोबर येत होत्या, आणि मध्येच कुणीतरी गाणं सुरू केलं. सगळी बोंडं नाही वाचली. ऊन चढलं तेव्हा शेताचा एक कोपरा तांबडाच राहिला होता, आणि तो सुटला याचं मला अजून वाईट वाटतं. पण बाकीचा मळा पांढरा झाला होता. अप्पांच्या काळ्या टोपीवर पिवळे पराग पडले होते. ते मी त्यांना सांगितलं नाही.

घरी आई निरांजन लावून दारात उभी. "झालं काम?"

"झालं," अप्पा म्हणाले. कुठलं काम, ते तिला संध्याकाळी कळलं. मग जे व्हायचं ते झालं. आई दोन दिवस बोलली नाही, काका आठवडाभर बोलले. "बँक सोडून कापसाची लग्नं लावते म्हणे! आधी स्वतःचं लागू दे." अप्पा म्हणायचे, "इरली, इरली." असू दे. बँकेतली जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. मार्गशीर्षात बोंडं फुटली, मळा पांढराशुभ्र झाला, हंगाम संपला आणि मी ठरल्याप्रमाणे घरी बसले. तो उन्हाळा लांबला. आपण फार मोठी चूक केली आणि अप्पांकडूनही करवून घेतली, असं कितीदा वाटून गेलं. अप्पांनी एकदाही तो विषय काढला नाही. पुढच्या हंगामाला साहेबांचा निरोप आला, मग त्याच्या पुढच्या. मी त्या मळ्यावर कायम झाले ती बऱ्याच वर्षांनी. पण माझ्या हिशेबी मी कायम झाले ते फार आधी.

स्वभावाला औषध नाही म्हणतात. मला वाटतं, कित्येक स्वभावांना औषध लागतच नाही, जागा लागते. ती सापडेपर्यंत माणूस स्वतःला आजारी समजत राहतो. मला ती एका कळीच्या बुडाशी सापडली. दुसऱ्या कुणाला रांगेसमोरच्या काचेआड सापडत असेल, त्यालाही माझा नमस्कार.

दुसऱ्या वर्षीची खंडेनवमी. आता अष्टमीच्या दुपारी कळ्या सोलायच्या नाहीत असा मळ्यावर नियमच झाला होता, त्यामुळे सकाळी मी घरीच होते. अप्पांनी पाट मांडला होता. त्यावर लेखणी, पुस्तकं, आईची विळी, अडकित्ता. अप्पांची पूजा नेहमीप्रमाणे झपाट्यानं चालली होती. मी दारात टेकून उभी होते, प्रसादाची वाट बघत.

"अंगठा आण इकडे," अप्पा वर न बघता म्हणाले.

मी पुढं झाले. त्यांनी माझा उजवा हात ओढून पाटावर, लेखणीच्या शेजारी ठेवला. नखावर हळद लावली. मग कुंकवाचं बोट टेकवलं, वर दोन अक्षता ठेवल्या आणि त्या अंगठ्याला हात जोडले. मला कसंनुसं झालं. मी हात मागं घेऊ लागले, तर त्यांनी तो तसाच धरून ठेवला.

"थांब की," अप्पा म्हणाले. "वाळू दे. घाई काय आहे?"